मेजर अर्थशास्त्र, मायनर काय घेऊ? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रवेशाची धावपळ उरकली की अर्थशास्त्राच्या मुलांची पत्रं येऊ लागतात. (मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय.) या वेळची पत्रं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी दुखणं बहुतेकांचं एकच: कुठला पेपर कधी घ्यायचा हे कुणी सांगत नाही, आणि कळतं तेव्हा सेमिस्टर पाच उजाडलेलं असतं.

प्रश्न : मी एफवायबीएला आहे. बारावी कला शाखेतून केली, गणित दहावीनंतर सुटलं. मेजर अर्थशास्त्र आहे. मायनरला इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आणि संख्याशास्त्र असे पर्याय आहेत. सीनियर मुली सांगतात, इतिहास घे, मार्क सुटतात. मला पुढे पुण्याला किंवा मुंबईला एमए करायचंय. काय घेऊ?
(विद्यार्थिनी, देवगड)

संख्याशास्त्र. फक्त त्याआधी एक चौकशी करा. काही कॉलेजांत संख्याशास्त्राच्या मायनरला बारावीचं गणित लागतं. तशी अट असेल तर मायनर राज्यशास्त्र किंवा भूगोल घ्या आणि गणित-संख्याशास्त्र ओपन इलेक्टिव्हमधून, म्हणजे आपण निवडायच्या खुल्या पेपरमधून, आत आणा. ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. बहुतेक मुलं या नियमावर कुरकुरतात आणि त्यातल्या त्यात सोपा पेपर उचलतात. तुमच्यासारखीला मात्र हाच नियम कामाचा आहे: विज्ञान शाखेचा पायाभूत गणिताचा पेपर तुम्ही हक्काने मागू शकता.

इतिहास वाईट म्हणून आम्ही नको म्हणत नाही. आर्थिक इतिहासात रस असेल तर तो उत्तम मायनर आहे. पण ‘मार्क सुटतात’ या कारणासाठी घेतलेला मायनर पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडत नाही. आयआयटीची पदव्युत्तर प्रवेशाची जॅम परीक्षा उदाहरणादाखल घ्या. अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर त्यात 2021 पासून आहे. अभ्यासक्रमात सूक्ष्म, स्थूल आणि भारतीय अर्थशास्त्राच्या बरोबरीने संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्रासाठीचं गणित असे दोन पूर्ण विभाग आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेत तर गणिताचा पेपरच वेगळा असतो. काही संस्था अर्ज भरतानाच बारावीला गणित होतं का, हे विचारतात. तेव्हा ज्या दोन-तीन संस्था मनात आहेत त्यांची माहितीपत्रकं आजच काढून पात्रतेचं पान वाचा. तिसऱ्या वर्षी वाचलं तर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही.

गणित किती लागतं? घाबरण्याइतकं नाही. एक उदाहरण करून बघा. समजा, कोकम सरबताच्या बाटल्या भरण्याचा घरगुती धंदा आहे. जागा आणि भांड्यांचा ठरलेला खर्च 200 रुपये, दर बाटलीमागे 10 रुपये, आणि जास्त बाटल्या भरायला लागलं की मजुरीचा ताण वाढतो म्हणून वर बाटल्यांच्या संख्येचा वर्ग. म्हणजे 20 बाटल्यांना 200 अधिक 200 अधिक 400, एकूण 800 रुपये. या सूत्राचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढलं की सीमांत खर्च (आणखी एक बाटली भरण्याचा खर्च) मिळतो: 10 अधिक बाटल्यांची दुप्पट. बाजारात बाटली 50 रुपयांना जाते. सीमांत खर्च 50 होतो तो 20 व्या बाटलीला. तिथे उत्पन्न 1000, खर्च 800, नफा 200. आता 25 बाटल्या भरा. उत्पन्न 1250, खर्च 1075, नफा 175. विक्री वाढली, नफा घटला. ‘सीमांत खर्च बरोबर किंमत’ हे वाक्य पाठ असलेली मुलं पुष्कळ असतात. हे 25 चं गणित मांडून दाखवणारी वर्गात दोन-तीनच निघतात, आणि प्रवेश परीक्षा नेमकं हेच विचारते.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत बारा आठवडे, रोज पाऊण तास काढा. पहिले दोन आठवडे बीजगणित आणि आलेख, विशेषतः उतार म्हणजे काय ते. पुढचे तीन डेरिव्हेटिव्हला, दोन आंशिक डेरिव्हेटिव्हला (बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची), दोन लाग्रांजच्या पद्धतीला (ठरलेल्या मर्यादेत सगळ्यात जास्त किंवा कमी किती ते काढण्याची रीत) आणि उरलेले तीन मॅट्रिक्सला. मुलं अडकतात ती लाग्रांजपाशी, पण खरं कारण मागे असतं: आंशिक डेरिव्हेटिव्ह घाईत उरकलेलं असतं. अडलात तर दोन पावलं मागे या. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणाऱ्या मंचांवर याचे कोर्स आहेत. नुसतं शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरावं लागतं. त्या प्रमाणपत्राचे क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले पदवीचे एकक) पदवीत धरून हवे असतील तर कोर्सला नाव घालण्यापूर्वी कॉलेजची लेखी संमती घ्या. आधी कोर्स, मग अर्ज असं केलं की क्रेडिट हमखास अडकतात.

प्रश्न : आमच्या कॉलेजात प्रत्येकाला एक मेंटॉर नेमून दिलाय. मी भेटायला गेले की सर विचारतात, ‘सगळं नीट चाललंय ना?’ मी ‘हो सर’ म्हणते आणि परत येते. एसवायला आहे. नेमकं काय विचारायचं असतं?
(विद्यार्थिनी, मालवण)

तुमच्या सरांचाही यात फारसा दोष नाही. त्यांच्या वाट्याला वीस-पंचवीस मुलं, वर परीक्षेची कामं. समोर कागद नसला की बोलणं ‘नीट चाललंय ना’च्या पुढे सरकत नाही. तेव्हा कागद तुम्ही न्या.

फुलस्केप आडवा धरा आणि सहा रकाने आखा, सहा सेमिस्टरचे. डावीकडे ओळी: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा-मूल्यशिक्षण वगैरे, फील्ड प्रोजेक्ट किंवा ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), आणि सगळ्यात खाली क्रेडिटची बेरीज. आपल्याकडच्या आराखड्यात सेमिस्टरला 22 क्रेडिट असतात, तीन वर्षांचे 132. प्रत्येक रकान्याची बेरीज 22 येते का पाहा. दोनचा फरक पडला तर आधी सहशैक्षणिक उपक्रमांची ओळ तपासा. एनएसएस किंवा खेळात भाग घेतलेला असतो, पण नोंदणीचा फॉर्म भरायचा राहिलेला असतो.

कागद भरायचा तो उलटा, सेमिस्टर सहाकडून. शेवटी काय हवंय ते आधी लिहा. अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचा विषय) घ्यायची असेल तर तिच्या आधी संख्याशास्त्रातलं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजणं) आणि हायपोथेसिस टेस्टिंग (नमुन्यावरून गृहीतक तपासणं) झालेलं हवं, त्याच्या आधी संभाव्यता, त्याच्या आधी सरासरी आणि प्रमाण विचलन. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र घ्यायचं तर सूक्ष्म आणि स्थूल दोन्ही पक्कं हवं. असं मागे येत गेलात की या सेमिस्टरला काय घ्यायचं ते आपोआप समोर येतं. पुढून भरत गेलं की दर वेळी समोर दिसेल तो सोपा पेपर घेतला जातो.

हा कागद, आतापर्यंतच्या गुणपत्रिका आणि पुढच्या दोन सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाची प्रत एवढं घेऊन जा. ‘मी काय घेऊ?’ असं विचारू नका, त्याला ‘आवडेल ते घे’ हेच उत्तर मिळतं. हे विचारा: हा पेपर पुढच्या वर्षी नक्की चालणार आहे का? चालायला किमान किती मुलं लागतात, आणि मागच्या वर्षी किती होती? माझा मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह एकाच तासाला तर येत नाहीत ना? शिकवणार कोण आहे, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर? शेवटचा प्रश्न थोडा आगाऊ वाटतो. पण छोट्या कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या नेमणुका उशिरा होतात, मग निम्मं सेमिस्टर रिकाम्या वर्गात जातं. हे आधी कळलं तर पर्याय हाताशी ठेवता येतो.

वेळापत्रकाची टक्कर हा सगळ्यात जास्त घात करणारा प्रकार. कागदावर दहा पर्याय, प्रत्यक्षात दोन, कारण बाकीचे आठ तुमच्या मेजरच्या तासाला. त्यात गावाकडे जाणाऱ्या एसटीचा हिशेबही धरा. तीनचा तास सुटून शेवटची गाडी मिळत नसेल तर तो पेपर तुमच्यासाठी नाहीच, आणि हे मेंटॉरना स्पष्ट सांगायला संकोचू नका. चार-पाच मुलांची तीच अडचण असेल तर एकत्र अर्ज द्या. तास सकाळी घेणं विभागाच्या हातात असतं, फक्त वेळापत्रक पक्कं होण्यापूर्वी सांगावं लागतं.

भेटायचं कधी? चालू सेमिस्टरची लेखी परीक्षा यायच्या महिनाभर आधी. प्रवेशाच्या आठवड्यात नको, अंतर्गत गुण भरायचे असतात तेव्हा तर मुळीच नको. भेट झाली की त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी चार ओळींत सरांना मेसेज करून ठेवा, ‘सर, आज असं ठरलं, काही चुकलं असेल तर सांगा.’ पुढे कार्यालयात शब्द फिरला तर या चार ओळी कामाला येतात.

प्रश्न : मला फील्ड प्रोजेक्ट हापूसच्या भावावर करायचाय. प्रोजेक्ट सेमिस्टर पाचला आहे. बागायतदारांना भेटून पेटीचा भाव विचारणार आहे. एवढं पुरेल का?
(विद्यार्थी, वेंगुर्ला)

विषय चांगला, पण दोन ठिकाणी पाय घसरणार आहे.

पहिलं म्हणजे हंगाम. सेमिस्टर पाच जून ते नोव्हेंबर चालतं. तेव्हा बागेत आंबा नसतो आणि बागायतदार तुम्हाला आठवणीतले भाव सांगणार. आठवणीतला भाव नेहमी त्या वर्षीचा सगळ्यात चांगला नाहीतर सगळ्यात पडलेला असतो. म्हणून एक तर आकडे एप्रिल-मेमध्येच, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी गोळा करा आणि त्यासाठी मार्गदर्शकांची परवानगी मार्चमध्ये घ्या. नाहीतर विषय बदला. विषम सेमिस्टरला कोकणात काय मिळतं? मासेमारीबंदी 31 जुलैपर्यंत असते, त्यानंतर बंदरावरचे लिलाव सुरू होतात. हर्णै किंवा मिरकरवाड्याला उभं राहून एकाच माशाचा लिलावातला आणि तालुक्याच्या बाजारातला भाव महिनाभर टिपता येतो. तुमच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागत असेल तर मिळालेल्या मासळीचे वाटे कसे पडतात, जाळ्याच्या मालकाचा किती, ओढणाऱ्यांचा किती, हा तर अस्सल अर्थशास्त्राचा विषय आहे. भाताची लावणी-कापणीची मजुरी आहे. गणपतीत चाकरमानी आल्यावर बाजारात होणारी उलाढाल आहे. आंबा, काजू, पर्यटन हे सम सेमिस्टरचे विषय.

दुसरी गोष्ट म्हणजे पेटी. पेटी हे माप नव्हे, खोकं आहे. फळ मोठं असेल तर त्यात चार डझन बसतात, लहान असेल तर सहा, कधी सातसुद्धा. समजा, चार डझनी पेटी 3600 ला गेली आणि सहा डझनी 3000 ला. डझनाचा हिशेब केलात तर 900 आणि 500, म्हणजे मोठं फळ 80 टक्के महाग. आता वजन घ्या. मोठं फळ 300 ग्रॅमचं, लहान 200 चं धरलं तर दोन्ही पेट्यांत 14.4 किलोच आंबा आहे. किलोला 250 आणि 208, फरक 20 टक्क्यांचा. आकडे तेच, पण एका हिशेबात मोठ्या फळाला बाजार डोक्यावर घेतोय असं दिसतं आणि दुसऱ्यात किंचित जास्त भाव देतोय. नुसता ‘पेटीचा भाव’ लिहून आणलात तर यातलं काहीच सांगता येणार नाही. प्रत्येक व्यवहारामागे पेटीतले डझन, फळाचं अंदाजे वजन, विक्रीची तारीख, विकली कुठे (वाशी, स्थानिक की घरपोच), दलाली, हमाली आणि भाडं एवढे रकाने ठेवा. तारीख विसरू नका. फेब्रुवारीतली पहिली पेटी आणि मेअखेरची पेटी एकाच सरासरीत घातली की त्या सरासरीला अर्थ उरत नाही. 2018 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा भावावर परिणाम झाला का, हा प्रश्नही बरेच जण घेतात. पण मानांकनाची नोंदणी केलेले आणि न केलेले असे दोन्ही बागायतदार नमुन्यात असतील तरच त्याला हात घाला.

वेळेचा हिशेब: दोन क्रेडिट म्हणजे 60 तास. प्रश्नावलीला सहा, पाच जणांवर ती तपासून पाहायला चार, चाळीस मुलाखती पाऊण तासाच्या म्हणजे तीस, आकडे एक्सेलमध्ये भरून तपासायला दहा, लिहायला दहा. मुलं तपासणीचे चार तास गाळतात आणि चाळिसाव्या मुलाखतीनंतर त्यांना कळतं, आपण कलमं विचारली, एकर विचारलेच नाहीत.

प्रश्न : मुलगी अर्थशास्त्र घेऊन बीए करते म्हणते. आम्ही बीकॉमच्या बाजूने आहोत. तिचं म्हणणं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्याच महाडकडचे, तेही अर्थशास्त्रामुळेच मोठे झाले. बीएला भवितव्य आहे का?
(पालक, चिपळूण)

लेकीचा बाणा आवडला, दाखला मात्र चुकला. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे हे खरं, पण केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले होते. पुढे आयसीएस या ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतून ते अर्थकारणाकडे आले. कोकणाशी नातं असलेला दाखला हवाच असेल तर मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबियात एमए आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएससी, दोन्ही अर्थशास्त्रात.

आता भवितव्याचं. बीए अर्थशास्त्र ही स्वतःहून नोकरी देणारी पदवी नाही, हे आधीच समजून घ्या. तिची खरी किंमत पुढच्या पायरीवर मिळते. भारतीय आर्थिक सेवेची यूपीएससी परीक्षा द्यायला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय 21 ते 30. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातल्या ग्रेड बी जागांनाही पदव्युत्तर पदवी हवी. सीनियर कॉलेजात शिकवायचं तर एमएवर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. म्हणजे पाच वर्षांची तयारी ठेवायची असेल तर बीए. तीन वर्षांत कमावतं व्हायचं असेल आणि हिशेब, जीएसटी, टॅली यांत मन रमत असेल तर बीकॉम बरं. सीए करायचं असेल तर प्रश्नच नाही. बँकांच्या परीक्षा दोन्हीकडून देता येतात.

आणि मुलगी मराठी माध्यमाची असेल तर एक काम आजपासून सुरू करायला सांगा. वहीचे दोन रकाने करायचे: सीमांत उपयोगिता, समोर मार्जिनल युटिलिटी, लवचिकता, समोर इलॅस्टिसिटी. विषय मराठीतून समजून घेणं मुळीच कमीपणाचं नाही, उलट तो मुरतो. पण जॅमचा पेपर इंग्रजीतच असतो आणि माहीत असलेली गोष्ट केवळ शब्द अनोळखी म्हणून सोडून द्यावी लागली तर वाईट वाटतं.

प्रश्न : तिसरं वर्ष संपवून बाहेर एमए करू की चौथं वर्ष ऑनर्सचं इथेच करू?
(विद्यार्थी, अलिबाग)

पदवीची तीन अधिक एमएची दोन पाच, चार अधिक एकही पाच. वर्ष वाचत नाही, तेव्हा निर्णय त्यावर करू नका. चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के किंवा 7.5 सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या श्रेणीगुणांची सरासरी) लागतो. तेवढे असतील आणि तुमच्याच कॉलेजच्या अर्थशास्त्र विभागात संशोधन मार्गदर्शक असतील तर चौथ्या वर्षाचा विचार जरूर करा. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असले की नेट देऊन थेट पीएचडीची वाट उघडते. विभागात दोनच शिक्षक असतील आणि तेच सगळे पेपर वाटून घेत असतील तर तीन वर्षांवर पदवी घ्या आणि मोठ्या विभागात जा. एक वर्षाची एमए तुम्हाला हव्या त्या ठिकाणी सुरू झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय चौथ्या वर्षाची फी भरू नका.

प्रश्न : सेमिस्टर तीनच्या संख्याशास्त्रात केटी लागली. पुढच्या वर्षी अर्थमिती घेऊ का?
(विद्यार्थी, रत्नागिरी)

केटी सुटल्यावर घ्या. नियमाने आधी घेता आली तरी घेऊ नका. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि मार्क कुठे गेले ते पाहा. आकडेमोडीत गेले असतील तर रोज पाच गणितं, दोन महिने, काम भागेल. ‘निष्कर्ष लिहा’ इथे गेले असतील तर गडबड मुळात आहे, शिक्षकांकडे बसून हायपोथेसिस टेस्टिंग पहिल्यापासून करा. अर्थमितीचा अर्धा पेपर त्यावरच उभा असतो.

प्रश्न : क्रेडिट बँकेत माझे दोन सेमिस्टरचे क्रेडिट दिसतच नाहीत. कॉलेज म्हणतं आम्ही पाठवले.
(विद्यार्थिनी, दापोली)

क्रेडिट बँक म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं, तेव्हा आधी नाव जुळवा. आधारवर ‘आडनाव-नाव-वडिलांचं नाव’ आणि विद्यापीठाच्या नोंदीत ‘नाव-वडिलांचं नाव-आडनाव’, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त, असा घोळ आपल्याकडे सर्रास असतो. डिजिलॉकरमध्ये दिसणारा बारा अंकी आयडी आणि परीक्षा फॉर्मवर लिहिलेला आयडी एकच आहे का तेही पाहा. दोनदा खातं उघडलेलं असतं आणि क्रेडिट दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. आधार, गुणपत्रिका आणि डिजिलॉकरचा स्क्रीनशॉट जोडून परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.